साइड मार्जिनमध्ये शेड टाकावं का? शेजारचे काका नको म्हणतात

जुळे सोलापूरकर
आमचं घर वडिलांनी 1994 ला बांधलं. तेव्हा दारात एक स्कूटर होती. आता एक चारचाकी, दोन दुचाकी, आणि पाणी चार-पाच दिवसांआड येतं म्हणून ओळीनं मांडलेली पिंपं. एप्रिल-मेमध्ये पारा 43 च्या वर जातो. गेल्या उन्हाळ्यात गाडीचा डॅशबोर्ड तडकला. उजव्या बाजूच्या मार्जिनवर, म्हणजे घर आणि कंपाउंड यांच्यामध्ये नियमानं मोकळी सोडलेल्या जागेवर, अँगल टाकून कंपाउंडपर्यंत पत्रा मारायचाय आणि मागच्या टोकाला गाद्या-गोधड्या, वर्षाचा गहू ठेवायला एक खोली बांधायचीय. जागा माझी, घरपट्टी मी भरतो. स्वतःच्या हद्दीत गरजेपुरतं वाढवलं तर त्यात गैर काय?

होटगी रोड
हद्द तुमची, पण वारा आणि पाणी दोघांचं. आमच्या शेजाऱ्यांनी असंच शेड टाकलं. पागोळ्या थेट आमच्या भिंतीवर. तीन पावसाळ्यांत आईच्या खोलीतला गिलावा असा झालाय की बोट लावलं की पीठ पडतं. उन्हाळ्यात खिडकी उघडली की पत्र्याची धग आत येते, म्हणून ती बंदच असते. आईला दम्याचा त्रास आहे. तुमचे काका बरोबर बोलतायत.

पूर्वभागवाला
मार्जिनच्या गप्पा बंगलेवाल्यांना परवडतात. आमच्याकडे पुढं दोन माग, मागं आम्ही सहा जण. सुताची बाचकी आणि टॉवेलच्या गाठी ठेवायला बोळावर पत्रा टाकलाय, नाहीतर माल पावसात भिजला असता. गोडाऊनचं भाडं भरलं तर मजुरीत उरतं काय? आणि इथल्या कितीतरी जागा गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या. त्या नियमित करायचा कायदा 2001 चा, 2021 मध्ये मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. म्हणजे शासनालाही कळतं की माणूस आधी राहतो, कागद मागनं येतो.

होटगी रोड
पूर्वभागवाले दादा, तुमची अडचण खरी आहे. पण मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले. राहणं आणि कारखाना एकाच आवारात होतं. सूत एकदा पेटलं की थांबत नाही. तुमच्या सहा जणांना मागच्या मागं निघायला तोच एक बोळ आहे ना? तो तरी मोकळा ठेवा.

साइटवरचा माणूस
मी वीस वर्षं साइटवर सुपरवायझर आहे. जुळे सोलापूरकर, पत्र्याचं नंतर बघू, आधी त्या खोलीचा विचार सोडा. आपल्याकडं बऱ्याच भागात काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुन्या घराचा पाया मुरमापर्यंत गेलेला असतो आणि वाढीव खोलीला लोक दोन फूट खणून वीट चढवतात, वर जुन्या भिंतीला चिकटवतात. मग नवीन खोली खचते, जुनी जागच्या जागी. माझ्या मेहुण्याच्या घरी त्या सांध्यात मे महिन्यात रुपयाचं नाणं उभं जातं, ऑगस्टमध्ये जात नाही. दरवर्षी सिमेंट भरतात, दरवर्षी उघडतं. बांधायचंच तर मुरूम लागेपर्यंत खणा आणि दोन भिंतींत सांधा मोकळा सोडा.
आणखी एक. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या (साधारण 1600 चौरस फूट) प्लॉटला परवान्याची कटकट कमी केलीय. त्याचा अर्थ लोक ‘कसंही बांधा’ असा काढतात. मार्जिन तिथंही सोडावंच लागतं.

पूर्वभागवाला
बोळाचं पटलं. आमच्या मागच्या दारासमोर आत्ता आठ गाठी आहेत, त्या आज पुढं घेतो. पत्रा मात्र काढणार नाही. तो काढला तर माल कुठं नेऊ, हे कुणीतरी सांगा.

जुळे सोलापूरकर
खोली रद्द. गहू माळ्यावर जाईल. गाडीवर सावली मात्र पाहिजेच, त्यावर मी ठाम आहे. बाजूला नाही, पुढं गेटजवळ, दोन्हीकडून उघडी, उतार आपल्याच अंगणात, पन्हळीचं पाणी हौदात. त्याला परवानगी मिळते का, ते लायसन्स इंजिनिअरला विचारतो. नकाशा घेऊन रविवारी आधी काकांकडे जाईन.

होटगी रोड
पन्हळ आधी बसवा, पत्रा नंतर. आमच्या शेजाऱ्यांचं ‘पुढच्या महिन्यात लावतो’ तीन वर्षं चाललंय.