पिरनवाडीपर्यंत रोज, पुढे चोर्ला कधीमधी : जुनी ७१८ केमन घ्यावी की झेड४ एम४०आय?

मच्छेचा लेथवाला

सर्वांना नमस्कार. मी बेळगावच्या टिळकवाडीत राहतो आणि मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत माझे सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांच्या) कामाचे लहानसे युनिट आहे. गेली २२ वर्षे आमच्या दारात जी मोटार उभी राहिली, ती बँकेचा हप्ता, मुलांची शाळा आणि गावाकडून येणारी तांदळाची पोती या तिघांच्या सोयीने निवडलेली होती. आता मुले पुण्यात शिकतात, हप्ते फिटले आहेत आणि घरात पाच आसनी गाडी आहेच. म्हणून आयुष्यात प्रथमच केवळ चालवण्याच्या आनंदासाठी दोन आसनी मोटार घ्यावी, असे मनात आहे. मात्र ती कव्हरखाली झाकून ठेवून रविवारी पुसत बसायची नाही, रोज कामावर न्यायची, ही माझी अट आहे.

दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. पहिली २०१८ ची पोर्शे ७१८ केमन, पुण्यातली, एमएच पासिंगची. दुसरी २०२० ची बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय, बंगळूरची, केए पासिंगची. मालकांनी सांगितलेल्या किमतींत जो फरक आहे तो घासाघीस केल्यावर मिटेल इतकाच आहे. केमनला दोन लिटरचे, आडव्या चार सिलिंडरचे टर्बो इंजिन आहे, ३०० पीएस ताकद आणि ३८० न्यूटन मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर). झेड४ ला तीन लिटरचे सरळ सहा सिलिंडरचे, ३४० पीएस आणि ५०० न्यूटन मीटर. दोन्ही गाड्यांची मागची चाके ओढतात आणि दोन्हींचे गिअर आपोआप पडतात.

दोन्ही चालवून पाहिल्या, पण परक्या शहराच्या गर्दीत. केमनचे स्टिअरिंग हातात आले तेव्हा चांगल्या लेथचा हँडव्हील फिरवल्यासारखे वाटले, जरासुद्धा मोकळी चाल नाही. इंजिनचा आवाज मात्र जुन्या डिझेल पंपाची आठवण करून देणारा निघाला. झेड४ चा आवाज ऐकून मी निर्णय घेतलाच होता, पण गाडी परत करताना लक्षात आले की रस्ता हाताला फारसा कळलाच नाही. सौभाग्यवतींचे मत झेड४ च्या बाजूने आहे, कारण तिचे छप्पर उघडते.

रोज सकाळी पिरनवाडीला मी सरळ मच्छेकडे जातो आणि उजवीकडचा जांबोटीचा रस्ता नुसता बघतो. महिन्यातून दोनदा त्या रस्त्याने कणकुंबी, चोर्ला घाट असे गोव्याला जाणे होईल, आणि तितक्याच वेळा महामार्गाने कोल्हापूरला, म्हणजे एका बाजूने सुमारे ११० किलोमीटर. एवढ्या वापरात कोणती गाडी जास्त आनंद देईल?

कणकुंबीचा पाऊस

काका, मी तीन वर्षे उघड्या छपराची गाडी (झेड४ नव्हे, तिच्यापेक्षा बरीच लहान) बेळगावात वापरली आहे, म्हणून काकूंची बाजू आधी मांडतो. आपल्या गावाला गरिबांचे महाबळेश्वर म्हणतात ते उगीच नाही. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत सकाळी आठ वाजता छप्पर उघडून काँग्रेस रोडने निघालात, तर पुढच्या दहा मिनिटांत मिळणारे सुख कोणत्याही घाटात मिळणार नाही, आणि त्यासाठी ताशी ४० च्या पुढे जाण्याचीही गरज नाही. झेड४ चे कापडी छप्पर दहा सेकंदांत उघडते आणि ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीत उघडता-मिटता येते, म्हणजे सिग्नलवर लोकांचा तमाशा होत नाही.

आता दुसरी बाजू. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी ते छप्पर उघडण्याचे नाव कोणी काढत नाही, आणि जूनपासून पुढचे चार महिने जांबोटीच्या पुढे जो पाऊस लागतो तो छत्रीलाही दाद देत नाही. छपराच्या कडेने पाणी वाहून जाण्यासाठी बारीक नळ्या असतात. झाडाखाली गाडी लावली की त्यांत पाने अडकतात, पाणी आत उतरते आणि गालिचा कुजल्याचा वास येईपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही. माझ्या गाडीचा तो वास शेवटपर्यंत गेला नाही. आपली गाडी कारखान्यात पत्र्याच्या शेडखाली उभी राहणार असेल, तर ही चिंता निम्म्याने कमी होते.

घाटाबद्दल एवढेच सांगतो की चोर्ल्याच्या ओल्या वळणावर ५०० न्यूटन मीटर मागच्या दोन चाकांवर सोडणे हे धाडस आहे. झेड४ चे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटून देणारा भाग) चांगले काम करते, पण रस्त्यावर लाल मातीचा राडा आलेला असेल तर तेही काय करणार? पावसाळ्यात उजव्या पायाखाली अंडे आहे असे समजून चालवावे लागेल.

फाउंड्रीतला इंजिनिअर

लेथवाले साहेब, आपल्याला हाताला जे जाणवले त्याचे कारण आपल्याच धंद्यातल्या उदाहरणाने सांगतो. एकाच वजनाचे दोन जॉब (घडवायचे धातूचे तुकडे) लेथच्या चकवर बांधले, एकाचे वजन मध्याजवळ आणि दुसऱ्याचे कडेला, तर पहिला झटकन फिरतो आणि झटकन थांबतो. दुसरा फिरायला वेळ लावतो आणि फिरला की थांबायला ऐकत नाही. केमनचे इंजिन आसनांच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे बसवलेले आहे, म्हणजे सगळ्यात जड वस्तू गाडीच्या मध्याजवळ आली. त्यात सिलिंडर आडवे असल्यामुळे तिचे वजन जमिनीलगत राहते. झेड४ चे वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास निम्मे निम्मे वाटलेले आहे हे खरे, पण लांबलचक इंजिन एका टोकाला आणि चालक जवळजवळ मागच्या आसावर, अशी तिची मांडणी आहे. शिवाय ती केमनपेक्षा सुमारे पावणेदोनशे किलोने जड आहे. म्हणून वळणाच्या तोंडाशी केमन विचार करताच वळते आणि झेड४ ला आधी सांगावे लागते.

हा फरक ताशी ४० लाही जाणवतो, हे मुद्दाम सांगतो, कारण असल्या गाड्यांचा आनंद फक्त वेगात असतो असा समज आहे. त्याच वेळी केमनचा एक दोषही सांगायला हवा. तिचे गिअर लांब आहेत. दुसऱ्याच गिअरमध्ये ती शंभरच्या पलीकडे जाते. म्हणजे इंजिन पूर्ण फिरवून ऐकण्याची संधी आपल्या रस्त्यांवर जेमतेम पहिल्या गिअरपुरती मिळते. झेड४ चे पूर्ण टॉर्क मिनिटाला १६०० फेऱ्यांनाच येते, त्यामुळे उसाचे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर ओलांडताना गिअर बदलण्याचीही वाट पाहावी लागत नाही. हंगामात संकेश्वर-निपाणीकडे आपले जाणे असेल, तर हा गुण रोज उपयोगी पडेल. (त्या ट्रॉल्यांना मागे तांबडा दिवा लावण्याची सक्ती खरोखर कधी होईल, हा वेगळा प्रश्न आहे.)

केमन घेणार असाल तर दोन गोष्टी पाहून घ्या. तिचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या तोंडांत बसवलेले असतात आणि तिथे पाने, माती व खडे साठतात. जांबोटीच्या जंगलातून जाणाऱ्या गाडीला ही जागा दर दोन-तीन महिन्यांनी साफ करावी लागेल; खड्याने आत चीर पडली तर एसीचा गॅसही जातो. दुसरे म्हणजे, इंजिन किती वेळा मर्यादेबाहेर फिरले याची नोंद गाडीच्या संगणकात राहते. ती काढून दाखवण्याची अट विक्रेत्याला घाला. काय वाटेल ते कारण सांगून त्याने टाळले, तर पुढे बोलू नका. पेट्रोलच्या झाकणामागे किती ऑक्टेन आणि किती इथेनॉल चालते हे दोन्ही गाड्यांवर वाचून घ्या. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचे इथेनॉल आपल्याच गाडीला सोसत नाही, अशी वेळ यायला नको.

आणि मुख्य गोष्ट राहिलीच. दोन्ही गाड्यांच्या टायरवर लिहिलेले आकडे इथे द्या. माझ्या मते निर्णय तिथे आहे.

निपाणी नाका

बाकीच्या चर्चेत मी पडत नाही, फक्त पासिंगबद्दल लिहितो, कारण यात मी हात पोळून घेतले आहेत. सीमाभागातले आपण लोक एमएच ०९ आणि केए २२ यांच्यात फरक मानत नाही, पण आरटीओ मानतो. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली, तर तिची तिथे नव्याने नोंद करावी लागते. म्हणजे पुण्याहून २८ नंबरच्या फॉर्मवर ना हरकत, इथे २७ नंबरचा फॉर्म आणि कर्नाटकाचा लाइफ टॅक्स. वीस लाखांवरच्या मोटारींना तो १८ टक्के असून वर उपकर आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, तरी केमनसारख्या मोटारीच्या बाबतीत ती रक्कम एखाद्या नव्या छोट्या गाडीएवढी होऊ शकते. महाराष्ट्रात भरलेल्या करापैकी उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, पण मी तो मागून आता बराच काळ लोटला आहे. तेव्हा दोन्ही किमती सारख्या आहेत हे आपले गृहीत आधी तपासा. मधल्या काळात ‘चंदगडच्या पाहुण्यांची गाडी आहे’ हे उत्तर नाक्यावर एकदा चालते, दुसऱ्यांदा चालत नाही.

खडेबाजार

मला यातली कोणतीच पटत नाही. टिळकवाडी ते मच्छे हे अंतर इतके थोडे आहे की इंजिनचे तेल पुरते गरम होण्याआधी आपण कारखान्याच्या दारात पोहोचाल. त्या वेळात मध्ये गुरे, शाळेच्या रिक्षा आणि हंप. शिवाय झेड४ चे नाक इतके लांब आहे की शहापुरातल्या बोळातून मुख्य रस्त्यावर येताना चालकाला काही दिसण्याआधी गाडीचा पुढचा भाग दुसऱ्याच्या स्कूटरला लागलेला असेल. तेवढ्या पैशात एक नवे मशीन येईल.

मच्छेचा लेथवाला

सर्वांचे मनापासून आभार. खडेबाजार यांना एवढेच सांगतो की मशीन मागच्या वर्षी घेतले. आता माझी पाळी आहे. निपाणीकरांच्या मुद्द्याने मात्र झोप उडाली. आज सकाळी ओळखीच्या एजंटाकडून आकडा काढून घेतला, आणि केमनच्या मालकाला तो कळवून किंमत खाली आणायला सांगितले आहे. त्याने नाही म्हटलेले नाही.

टायरचे आकडे फोटोवरून देतो. केमनला पुढे २३५/४५ आर १८ आणि मागे २६५/४५ आर १८ आहेत. झेड४ ला पुढे २५५/३५ आर १९ आणि मागे २७५/३५ आर १९. गाडी शेडखाली राहणार आहे, आणि घरून निघताना बोळ लागत नाही.

फाउंड्रीतला इंजिनिअर

हेच हवे होते. पहिल्या आकड्याला, म्हणजे मिलिमीटरमधल्या रुंदीला, दुसऱ्या आकड्याच्या टक्क्यांनी गुणले की रिमच्या बाहेर रबराची उंची किती आहे ते निघते. केमनला पुढे सुमारे १०६ मिलिमीटर आणि मागे ११९. झेड४ ला पुढे ८९ आणि मागे ९६. पावसाळ्यानंतर जांबोटीच्या रस्त्यावर तीक्ष्ण कडेचे जे खड्डे असतात, त्यांत पुढच्या चाकांतल्या फरकाचे हे १७ मिलिमीटर रिम वाचवणार की वाकवणार हे ठरवतात. झेड४ वर लहान रिम आणि जाड टायर बसवता येतील का, हे ब्रेकच्या मापावर अवलंबून आहे. ते पाहिल्याशिवाय त्या भरवशावर घेऊ नका. मी आपल्या जागी असतो तर डोळे मिटून केमन घेतली असती आणि आवाजाबद्दल पुढची दहा वर्षे कुरकुरत राहिलो असतो.

आता हंपांविषयी. दोन्ही गाड्यांच्या आसांतले अंतर जवळपास सारखेच आहे, केमनचे २४७५ मिलिमीटर आणि झेड४ चे २४७०. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल हंप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. तो आसांतल्या अंतरापेक्षा लांब असल्यामुळे चारही चाके एकाच वेळी त्यावर चढतात आणि पोटाखाली जेमतेम साडेचार सेंटिमीटर उंचवटा येतो, म्हणजे दोन्ही गाड्या सहज पार होतात. त्रास देतात ते गावकऱ्यांनी रातोरात घातलेले, हातभर रुंद आणि वीतभर उंच हंप. ते पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध पूर्ण उंचीने उभे राहतात. तिथे गाडी तिरकी घातली तर नाक वाचते, पोट वाचेलच असे नाही.

मच्छेचा लेथवाला

केमनचा मालक पुढच्या शनिवारी कोल्हापूरपर्यंत गाडी आणायला तयार झाला आहे. तिथून मी ती स्वतः चालवत पिरनवाडीपर्यंत आणतो, सौभाग्यवतींना शेजारी बसवतो आणि उजवीकडे वळून जांबोटीपर्यंत जाऊन येतो. तोवर माझ्या रोजच्या वाटेवरचे सगळे हंप टेप लावून मोजून ठेवतो.

फाउंड्रीतला इंजिनिअर

मोजताना टेप नुसती उभी धरू नका. २४७५ मिलिमीटर लांबीची सरळ पट्टी घ्या, दोन्ही टोके चाकांच्या जागी रस्त्याला टेकतील अशी हंपावर आडवी धरून पाहा, आणि ती टेकत नसेल तर टोके जमिनीपासून किती वर राहतात ते लिहून घ्या. गाडीत दोघेजण आणि भरलेली टाकी असताना पोटाखाली जी जागा उरेल, ती त्या आकड्यापेक्षा जास्त हवी.