त्रिनिदादची कासवं: पदवी लागत नाही
कासव-संवर्धनासाठी त्रिनिदादला जायला सागरी जीवशास्त्राची पदवी लागते का, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे: गस्तीच्या कामाला नाही लागत. मटुरा किनाऱ्यावर १९९० पासून 'नेचर सीकर्स' ही गावकऱ्यांचीच संस्था गस्त घालते. मांसासाठी होणारी कासवांची कत्तल त्यांनीच आटोक्यात आणली. मार्च ते ऑगस्ट लेदरबॅक जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. सगळं काम लाल दिव्यावर. मादी खड्डा खणत असताना लांबच थांबायचं; अंडी घालू लागली की ती सहसा बिथरत नाही, तेवढ्यात टेपने पाठ मोजायची, ओळखीसाठी लावलेल्या टॅगचा नंबर टिपायचा. लेदरबॅकच्या पाठीला टणक कवच नसतं, जाड चामडं असतं. वाळूत चालून पोटऱ्या भरून येतात, आधी सराव कराच. एजन्सीमार्फत जाणार असाल तर तुमच्या पैशातले गावात किती पोचतात, हे मात्र विचारून घ्या.