एमजी नक्की कोणाची? ब्रिटिश की चिनी?

निगडीकर
आमच्या सोसायटीत एमजीच्या दोन हेक्टर गाड्या आहेत. एकीचा मालक सांगतो, '१९२४ पासूनची ब्रिटिश कंपनी'. वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात, 'कसली ब्रिटिश, चिनी आहे ती'. पूर्वी म्हणे एमजी स्पोर्ट्स कार बनवायची. मग चीनकडे गेली कशी? जाणकारांनी सांगावं.

थेम्सकाठी
हेक्टरवाले जन्मदाखला दाखवतायत, काका आजचा सातबारा. दोन्ही कागद खरे.

मी अ‍ॅबिंग्डनमध्ये राहतो, ऑक्सफर्डच्या दक्षिणेला. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मॉरिस गाड्या बनवणाऱ्या विल्यम मॉरिसचं ऑक्सफर्डमधलं गाड्या विकायचं आणि दुरुस्त करायचं दुकान. तिथला मॅनेजर सेसिल किंबर साध्या मॉरिसच्या चासीवर देखण्या, हलक्या बॉड्या चढवून विकायला लागला. खप वाढला, तसं १९२९ मध्ये बस्तान आमच्या गावात हललं, एका चामड्याच्या कारखान्याच्या आवारात. १९३३ मध्ये खुद्द नुवोलारीने, त्या काळच्या नामांकित इटालियन रेसरने, एमजीची के-३ चालवून उत्तर आयर्लंडमधली टूरिस्ट ट्रॉफी शर्यत मारली. दोनच वर्षांत वरच्यांनी रेसिंग बंद केलं. १९४१ मध्ये तर किंबरलाच घालवलं. निमित्त काय, तर युद्धात कारखाना रिकामा राहू नये म्हणून वरिष्ठांना न विचारता विमानाचं काम घेतलं! १९४५ च्या फेब्रुवारीत लंडनला किंग्ज क्रॉसच्या रेल्वे अपघातात तो गेला. युद्धानंतर अमेरिकनांना एमजीने लावलेलं वेड त्याने पाहिलंच नाही.

शनिवारपेठी
पण शेवटी संपांनीच बुडवली ना? तेव्हाच्या ब्रिटिश कामगारांबद्दल बरंच ऐकलंय.

थेम्सकाठी
अहो, हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. ब्रिटिश लेलँडमध्ये, म्हणजे एमजीच्या तेव्हाच्या मालक कंपनीत, संप व्हायचे, कबूल. पण अ‍ॅबिंग्डनचा कारखाना त्यातल्या त्यात शहाणा म्हणून ओळखला जायचा. खरं दुखणं वेगळं होतं. एमजीबी १९६२ ची गाडी, पाच लाखांच्या वर खपली, पण तिची जागा घेणारी गाडी कधी आलीच नाही. लेलँडचा पैसा त्यांच्याच दुसऱ्या स्पोर्ट्स कारकडे, ट्रायम्फ टीआर-७ कडे गेला. अमेरिकेच्या नियमांसाठी १९७४ मध्ये एमजीबीला काळे रबरी बंपर लावले, वर गाडीची उंची वाढवली; दिसायला वाईट आणि वळणावर डुलणारी. त्यात पौंड महागला, अमेरिकेत विकून तोटाच होतो असा हिशोब निघाला. १९७९ च्या सप्टेंबरात गावाने कारखान्याची पन्नास वर्षं मिरवणूक काढून साजरी केली आणि लगेच सोमवारी बंदची घोषणा झाली. एवढी असभ्य वेळ कोणी साधू नये. १९८० च्या ऑक्टोबरात शेवटची गाडी बाहेर पडली.

पुढचं थोडक्यात. नाव मेट्रो नावाच्या छोट्या मोटारीसारख्या घरगुती गाड्यांवर चिकटलं. १९९५ मध्ये एमजीएफ आली, ती मात्र खरी स्पोर्ट्स कार. मधल्या काळात मालक झालेल्या बीएमडब्ल्यूने २००० मध्ये एमजी आणि जोडीची रोव्हर फक्त १० पौंडांना काही ब्रिटिश उद्योजकांच्या हवाली केली. २००५ मध्ये तेही बुडाले, तेव्हा चीनच्या नानजिंग ऑटोने एमजी घेतली, आणि नानजिंग शांघायच्या एसएआयसी या मोटार कंपनीत विलीन झाली. तुमची हेक्टर गुजरातेत हालोलला बनते, जनरल मोटर्सच्या जुन्या कारखान्यात. आता त्यात जेएसडब्ल्यूचाही वाटा आहे.

चाकधर
एक राहिलं. आपल्या अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स कारचं इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, एमजीची तेव्हाची मालक) बी-सिरीज. एमजीएला एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर, आपल्या अँबीला एक.

निगडीकर
काय सांगता! बाबांची अँबी अजून गावी शेडमध्ये आहे. एमजीएचे पार्ट बसतील का तिला?

थेम्सकाठी
घराणं एक म्हणून डोळे मिटून मागवू नका. आधी इंजिन नंबर आणि जुन्या पार्टचा फोटो टाका इथे, मग बघू. आणि तोवर ती स्टार्ट करू नका. पेट्रोलची टाकी आधी पूर्ण रिकामी करून धुवा.