पठ्ठ्यानं वस्ताद बदलला तर ती गद्दारी का?

भोगावतीकाठ
भाचा 17 वर्षांचा आहे. अकरावं सरलं तेव्हा मीच त्याला कोल्हापुरात तालमीत ठेवून आलो होतो. एक ट्रंक, दोन लंगोट आणि तुपाचा डबा. वस्तादांनी पहिले तीन महिने नुसती हौद्यातली माती उकरायला लावली आणि जोर-बैठका मारून घेतल्या. पोराचं अंग त्यांनी घडवलं, ते मी नाकारत नाही.

पण सलग दोन स्पर्धा तो पहिल्याच फेरीत हरला. दोन्ही मॅटवर, दोन्ही वेळा समोरच्यानं पट काढून, म्हणजे पाय धरून पाडून, गुण नेले. मातीत खडाखडीला, म्हणजे समोरच्याचा जोर अजमावायला, वेळ मिळतो. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोनच भाग, सुरुवातीलाच चार गुण गेले की तुमच्यात दम किती आहे ते कुणी विचारत नाही. म्हणून त्याला पुण्याकडच्या मॅटच्या केंद्रात जायचंय. वस्तादांना सांगितलं तर म्हणाले, "जा. पण माझं नाव लावू नकोस." तेव्हापासून फोन उचलत नाहीत.

माझं मत असं, की शिकवलं म्हणजे पोरगं विकत घेतलं असं होत नाही. पटत नसेल तर बोला.

पेठेतला
बोलतो की. मामा, तुमचा भाचा तापानं फणफणला असेल तेव्हा रात्री कोण बसलं असेल उशाला? तुम्ही की वस्ताद? मैदानात नाव पुकारतात तेव्हा "अमक्या तालमीचा मल्ल, अमक्या वस्तादांचा पठ्ठा" असंच पुकारतात. बापाचं नाव कुठं येतं त्यात? त्या नावावर पोराला चार मैदानात कुस्ती मिळाली, इनाम मिळालं. आता मोठी झेप घ्यायची वेळ आली तर वस्ताद जुने झाले व्हय?

आणि सहा वर्षं शिकवायचं काय घेतलं त्यांनी? आमच्या तालमीत तर गुरुपौर्णिमेला नारळ आणि फेटा, संपलं.

भोगावतीकाठ
पेठेतला, खुराकाला महिना 15 हजार मी घालतोय. बदाम, तूप, दूध. तेही हिशोबात धरा.

पेठेतला
ते पोराच्या पोटात गेलं, वस्तादांच्या नाही.

पांढरा पट्टा
मी पुण्यात ज्युदो शिकवतो, लहानसा क्लास आहे. आमच्याकडेही हाच रोग आहे, फक्त त्याला मातीचा वास नाही. मूल दुसऱ्या क्लासला गेलेलं कळलं की काही सर पुढच्या पट्ट्याची परीक्षाच देऊ देत नाहीत.

गंमत अशी की ज्यांनी ज्युदो उभा केला ते जिगोरो कानो एका गुरूपाशी थांबलेच नाहीत. फुकुदा, मग इसो, मग इइकुबो असे तीन गुरू केले. 1882 मध्ये कोदोकान ही स्वतःची ज्युदोशाळा काढली तेव्हाही इइकुबोंकडं शिकणं चालूच होतं. पुढं 1930 मध्ये आयकिडोचे जनक उएशिबा यांची विद्या बघून भारावले आणि मोचिझुकी नावाचा आपला चांगला शिष्य त्यांनी स्वतः होऊन तिकडं शिकायला धाडला. नाव काढून घेतलं नाही.

पेठेतला
सर, तुम्हीच लिहिलंय, "स्वतः होऊन धाडला". गुरूनं धाडणं आणि शिष्यानं उठून जाणं यात फरक आहे का नाही?

गोळेश्वरची वाट
जपानला कशाला जायचं, खाशाबा जाधवांचं बघा. घरात बापाकडून कुस्ती मिळाली, पुढं कोल्हापुरात राजाराम कॉलेजात असताना वेगळे गुरू. 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटची सवय नव्हती, तिथं रीस गार्डनर या अमेरिकन माजी पैलवानानं तयारी करून घेतली आणि सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत कांस्य. त्या वारीसाठी कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं, आणि ते तर काही डाव शिकवणारे नव्हते. यातला खरा गुरू एकच कोणता, सांगा बघू पेठेतला.

एकलंगी
धाग्यात अजून कुणी "वस्ताद एक डाव राखून ठेवतो" कसं म्हणालं नाही? राजकारण्यांनी ती म्हण पार झिजवली, पण मूळ दुखणं तिच्यातच आहे. पठ्ठा आपल्यावर उलटेल हे धरूनच शिकवायचं, मग पठ्ठ्यानं निष्ठा कशाला दाखवायची? मला तरी ती म्हण वस्तादांच्या कौतुकाची कधीच वाटली नाही.

पेठेतला
एकलंगी, तालमीत एक महिना राहून या. डाव राखून ठेवत नाहीत, पोराचं अंग तयार होईस्तोवर थांबतात. 14 वर्षांच्या पोराला ढाकेसारखा उचलून फेकायचा डाव शिकवून मान मोडून घ्यायची का?

एकलंगी
हे पटलं. म्हण मात्र अजून पटत नाही.

सायलीची आई
पुरुषमंडळींच्या गप्पांत मध्येच बोलते. माझी मुलगी कराटे शिकते. "सरांचा शब्द शेवटचा" हे ऐकायला छान वाटतं, पण तेच मुलीच्या तोंडावरचं कुलूप होतं. एका सरांचं वागणं मला खटकलं, क्लास बदलला. तर बाकीचे पालकच म्हणाले, गुरूवर संशय? 2023 मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर पैलवान मुली लैंगिक छळाची तक्रार घेऊन धरण्याला बसल्या होत्या, तेव्हा "इतकी वर्षं गप्प का होत्या" असं आपल्यातलेच किती जण विचारत होते. गप्प का होत्या ते या धाग्यावरच दिसतंय. ज्याला सोडून जाता येत नाही त्याच्याकडं मी तरी मुलगी पाठवणार नाही.

पेठेतला
ताई, तसल्याला वस्ताद म्हणतच नाहीत आम्ही. त्याला तालमीच्या दारातच तुडवतील.

सायलीची आई
तुडवायला आधी कुणीतरी सांगावं लागतं ना, दादा.

पांढरा पट्टा
ताईंच्या मुद्द्यावर पेठेतल्यांकडं उत्तर नाही, माझ्याकडंही नाही. मी वर्गाचं दार उघडं ठेवतो, पालकांना कधीही येऊन बसू देतो, एवढंच.

गोळेश्वरची वाट
मूळ प्रश्नाकडं येतो. पाटोद्याचा पैलवान राहुल आवारे हरिश्चंद्र बिराजदारांचा पठ्ठा. वस्ताद 2011 मध्ये गेले. पुढं तो काका पवारांकडं घडला आणि 2018 ला गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सुवर्ण जिंकल्यावर ते पदक बिराजदारांना वाहिलं. म्हणजे शिकायची जागा बदलली तरी नाव सुटलं नाही. मामा, तुमच्या भाच्याचं चुकलं असेल तर एवढंच, की निरोप बहुतेक फोनवर दिला. बरोबर का?

भोगावतीकाठ
बरोबर. मीच दिला फोनवर. पोरगा समोर जायला घाबरत होता.

पेठेतला
बघा! सहा वर्षांचा निरोप मामानं फोनवर द्यायचा? मी असतो तर मीबी उचलला नसता.

भोगावतीकाठ
(चार दिवसांनी) शनिवारी पहाटे पोरगा एकटाच गेला. पाया पडला, बोललं कुणीच नाही. वस्तादांनी विचारलं, "लंगोट आणलाईस?" यानं आणला नव्हता. दुसऱ्या पोराचा मागून घेतला आणि दोन तास मेहनत केली. निघताना वस्ताद म्हणाले, तिकडं भात जास्त घालतात, वजनाकडं बघ.

पेठेतला
नाव लावायचं का नाही, ते बोलले का?

भोगावतीकाठ
नाही.

पेठेतला
मग अजून परवानगी समजू नका.