पुण्यातील बेने इस्रायली मैत्रिणींवर कादंबरी लिहिताना: सणांचे प्रदर्शन होऊ नये यासाठी काय करावे?

वाचनवेडी, पुणे

नमस्कार. गेली तीन वर्षे मी एका ऐतिहासिक कादंबरीवर काम करीत आहे. रास्ता पेठेतील एका वाड्यात समोरासमोरच्या खोल्यांत राहणाऱ्या दोन मैत्रिणींची ही कथा आहे. लेआ ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या कोकणी यहुद्यांच्या घरातली, तिचे वडील पलटणीतून निवृत्त झालेले. यमुना ही सीकेपी घरातली. दोन्ही घरांचे मूळ कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातले. १९०८ साली दोघी आठ-नऊ वर्षांच्या असताना कथा सुरू होते आणि १९५०च्या सुमारास लेआ मुंबईहून इस्रायलला निघते तेथे संपते.

पहिला खर्डा वाचून माझ्या एका स्नेही बाईंनी जे सांगितले, ते मला लागले आणि पटलेही. त्या म्हणाल्या की लेआ प्रत्येक प्रकरणात यमुनेला काही ना काही समजावून सांगत असते: दाराच्या चौकटीवरचा मेजूजा म्हणजे काय, मलिदा कसा करतात, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, काय चालत नाही. वाड्यात जन्मापासून शेजारी असलेल्या मुलीला हे सारे सांगावे लागत नाही, आणि सांगावे लागत असेल तर त्या मैत्रिणी नव्हेत. मलाही आता तसेच वाटते. म्हणून विचारते की त्या काळातील दोन बायकांची जवळीक नेमकी कोणत्या कामांतून, कोणत्या वेळी दिसत असेल? ज्यांच्या घरी अशा आठवणी आहेत त्यांनी अवश्य लिहावे. कादंबरीचे पहिले दृश्य रास्ता पेठेतील सिनेगॉगच्या पायरीवर घडते. त्यात काही चूक असल्यास तीही सांगावी.

जुनी पाने

चूक आहे, आणि ती पहिल्याच पानावर असल्याने आधी तिच्याबद्दल लिहितो. रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो हे प्रार्थनागृह १९२१ सालचे आहे. १९०८ साली आपल्या मुलींना बसायला ती पायरीच नव्हती. त्या वेळी पुण्यात उभे होते ते कॅम्पातील ओहेल डेव्हिड, म्हणजे आपण ज्याला लाल देऊळ म्हणतो ते. डेव्हिड ससून यांनी १८६३ साली त्याचे काम सुरू केले आणि १८६७ साली ते पूर्ण झाले, पण १८६४ साली पुण्यातच निधन झाल्याने ससून यांना ते पाहता आले नाही. त्यांची कबर त्याच आवारात आहे. हे प्रार्थनागृह मूळचे बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या यहुदी लोकांचे. त्यांची घरची भाषा, पोशाख आणि श्रीमंती वेगळी होती आणि बेने इस्रायली लोकांशी ते बरेचसे अंतर राखून असत. नऊवारी नेसलेली लेआची आई मुलीचा हात धरून त्या लाल विटांच्या मनोऱ्याखालून आत जाते आणि वर बायकांच्या सज्जात मागच्या बाकावर बसते, हे दृश्य आपल्या आत्ताच्या दृश्यापेक्षा कितीतरी अधिक बोलेल. लेआच्या आजीच्या तोंडी मात्र ‘सिनेगॉग’ हा शब्द घालू नये. जुन्या पिढीतील बेने इस्रायली लोक प्रार्थनागृहाला ‘मशीद’ म्हणत.

दुसरे असे की, लेआचे घर मराठी पुस्तकांचे घर आहे हे विसरू नये. पेसाख, म्हणजे मिसर (इजिप्त) देशातील गुलामीतून सुटकेचा सण, त्याच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी १८७४ साली पुण्यातच मराठी भाषांतरासह आणि चित्रांसह छापली गेली. त्या चित्रांत बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका आहेत आणि त्या साडी नेसून जमिनीवर बसून कामाला लागलेल्या आहेत. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ पान उलटू शकलो नाही, कारण मिसरमधून सुटकेची ती कहाणी आपल्याच ओसरीवर घडते आहे असे वाटले. हे पुस्तक लेआच्या घरी असणे सहज शक्य आहे. दोन मुली अंगणात ते उघडून बसतील आणि एकमेकींना चित्रातल्या बायका दाखवतील. तेथे कोणी कोणाला काही समजावून सांगण्याची गरज पडणार नाही, कारण लाटणाऱ्या बाईचा हात दोघींच्याही ओळखीचा आहे.

शिक्षणाचा धागाही सोडू नये. डॉ. जेरुशा झिराड, ज्या पुढे १९१९ साली लंडनमध्ये एम.डी. झाल्या, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या आणि ज्यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली, त्या पुण्याच्या मुलींच्या हायस्कुलात शिकलेल्या होत्या. १८८४ साली स्थापन झालेल्या त्या शाळेचा दरवाजा यमुनेसाठी उघडा असेल तर लेआसाठीही होता. दोघींपैकी कोणाचे शिक्षण लग्नासाठी आधी थांबते, हा प्रश्न मला कथेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा वाटतो.

रास्ता पेठेतील आजी

मी वयाची ऐंशी ओलांडली आहे आणि नातीकडून हे टंकून घेत आहे. माझे बालपण रास्ता पेठेतच गेले. आमच्या शेजारच्या काकू सीकेपीच होत्या, त्यामुळे आपला प्रश्न वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते.

आपण वाल सोलण्यापासून सुरुवात करा. यहुदी पंचांगातील आव महिन्याच्या नवव्या दिवशी, जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचे दुःख म्हणून, आम्ही कडक उपास करतो. हा उपास सोडताना वालाचे बिरडे खायचे म्हणून जुन्या बायका त्याला बिरड्याचा रोजा म्हणत. हा दिवस बहुतेक वर्षी श्रावणाच्या शुद्ध पक्षात येतो, आणि श्रावणात काकूंकडेही मांसमच्छी बंद होऊन बिरडेच शिजत असे. कारण वेगळे, पण वाल तेच. आदल्या दिवशी भिजवून फडक्यात बांधलेल्या वालांना मोड आले की काकू आपली टोपली घेऊन आमच्या दारात येत. आई पातेल्यात कोमट पाणी घेई आणि वाल त्यात टाकी. चिमटीत धरून दाबला की दाणा सालातून सुळकन निसटतो, मात्र मोड तुटता कामा नये. दोघी समोरासमोर बसून तासभर हे करीत आणि त्या तासात घरातले असे काही बोलत की आम्हा मुलींना पाणी आणण्याच्या निमित्ताने उठवले जाई. काकूंचे एक मूल गेले, त्या श्रावणात त्या आल्या तेव्हा दोघींपैकी कोणीही बोलले नाही. आईने त्यांच्या पुढ्यातले वालही आपल्याकडे ओढून घेतले आणि एकटीने सोलले. तेवढे मला स्पष्ट आठवते.

देण्याघेण्याचा नियमही होता, आणि तो कोणी सांगितलेला नव्हता. काकू आमच्याकडे शिजवलेले कधी पाठवीत नसत. नारळ, पोहे, गूळ, केळी असे कोरडे आणि फळफळावळ येई, आणि आमच्याकडे मलिदा असला की त्यात काकूंच्या नारळाचा चव पडे. आमच्या घरात मांसाबरोबर दूध चालत नसल्याने गोड पदार्थ नारळाच्या दुधात होत, गव्हाचा चीक काढून केलेला हलवासुद्धा. आणि तो ढवळायला बसलेल्या आईला हात बदलून द्यायला काकूच येत, कारण चीक आटत आला की डाव क्षणभरही थांबवता येत नाही.

शनिवारी आम्ही चूल पेटवीत नसू. हे काम दुसऱ्याला सांगणेही धर्माला धरून नाही, म्हणून आईने ते कधी सांगितले नाही. थंडीच्या दिवसांत आजी खोकत असली की काकू आपणहून येत, आमच्या चुलीकडे न पाहता आपल्या घरून निखाऱ्यांची शेगडी आणून आजीच्या खाटेजवळ ठेवीत आणि ‘माझी शेगडी ठेवायला जागा नाही हो’ असे म्हणून निघून जात. काकूंच्या चार दिवसांत त्यांच्या मुलींच्या वेण्या आईने घातल्या आहेत. मैत्री असा शब्द त्या दोघींनी कधी उच्चारलेला मला आठवत नाही. त्या एकमेकींना ‘अहो’ म्हणत.

शुक्रवारच्या दिव्याचे वर्णन करणार असाल तर मेणबत्ती लिहू नका. काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल आणि त्यात वात, असा तो दिवा असे. वाइनही नाही, काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत असे.

लोदहून

आजींचे लिहिणे वाचून मला माझी आईच बोलते आहे असे वाटले. मी इस्रायलमध्ये वाढलो आणि घरात आजही मराठी बोलतो, म्हणून कादंबरीच्या शेवटाविषयी थोडे लिहावेसे वाटते.

आपण लेआला एकदाच निरोप देता. प्रत्यक्षात काही कुटुंबांनी दोनदा निरोप घेतला आहे. सुरुवातीच्या वर्षांत बेरशेबासारख्या ठिकाणी वसवलेल्या बेने इस्रायली लोकांना कामात आणि वागणुकीत भेदभाव सोसावा लागला. त्यांनी धरणे धरले, आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली, आणि १९५२ साली शंभराहून अधिक माणसे खरोखरच परत आली. त्यांतले बहुतेक पुढे पुन्हा इस्रायलला गेले. आपली लेआ त्यांत असेल तर? खोली दुसऱ्याला गेलेली, भांडी वाटून टाकलेली, आणि समोरच्या दारात यमुना. पहिल्या निरोपाच्या वेळी जे बोलून झाले ते आता दोघींमध्ये तसेच पडून आहे, आणि पुन्हा जायचे आहे हे दोघींनाही कळते आहे. मला वाटते की आपल्या कादंबरीचे सर्वांत अवघड आणि सर्वांत खरे प्रकरण हे होईल.

तिकडचा अपमान तेवढ्यावर संपला नाही. १९६२ साली विवाहाच्या बाबतीत आमच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश इस्रायलमधील रब्बींच्या धर्मपीठाने काढले. त्यानंतर बायकामुलांसह लोक रस्त्यावर बसले, आणि १९६४ साली आम्ही सर्वार्थाने यहुदी आहोत हे मान्य करण्यात आले. ज्या बाईने जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या, आमचे पूर्वज मानल्या जाणाऱ्या सात जोडप्यांची कथा आजीच्या मांडीवर ऐकली, तिला साठी उलटल्यावर आपण कोण हे कागदावर सिद्ध करावे लागते, तेव्हा ती पत्र कोणाला लिहील? माझी आई पुण्याला लिहीत असे, मराठीत, हवाई पत्राच्या चारही कडा भरून. उत्तर आले की ती आधी ते हाताने चाचपी, ओठांना बोटे लावी आणि मगच उघडी. प्रार्थनेनंतर आम्ही एकमेकांचे हात हातात घेऊन बोटे ओठांना लावतो, ती हातबोशी ती पत्राशी करीत होती, हे मला फार उशिरा कळले.

वाचनवेडी, पुणे

आपणा तिघांचे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत. १९०८चे पहिले दृश्य मी आज काढून टाकले आणि लाल देवळाच्या सज्जातून नव्याने लिहायला घेतले. लेआचे समजावून सांगणारे सर्व संवाद गेले. ते गेल्यावर दोघी कितीतरी अधिक बोलू लागल्या आहेत. १९५२चे परतणे स्वतंत्र प्रकरण होईल आणि कादंबरी १९६४पर्यंत जाईल.

आजी, एक विचारते. लेआ परत येते तो महिना मी श्रावण धरला आहे. खोली गेलेली असल्याने ती यमुनेच्याच घरी उतरते. अशा वेळी वाल कोणाच्या पातेल्यात पडतील?

रास्ता पेठेतील आजी

यमुना नवे पातेले आणून ठेवील, मुली. लेआ यायच्या आधीच आणलेले असेल, आणि ती ते घासूनपुसून फळीवर पालथे घालून ठेवील. लेआला ते दिसेल तेव्हा दोघींपैकी कोणालाही काही बोलायला लावू नकोस.