क्लाउडवरच्या फायलींत शोधायला एआय एजंटला व्हेक्टर डेटाबेस खरंच लागतो का?

सातपूरकर:
द्राक्ष निर्यातीचे रेसिड्यू (रसायनांच्या अवशेषांचे) रिपोर्ट, फायटो (माल रोगकीडमुक्त असल्याचं प्रमाणपत्र), पॅकिंग लिस्ट, फवारणीच्या नोंदी असं सगळं अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या क्लाउड स्टोरेजवर असतं. त्यावर एजंट (स्वतः टूल्स वापरून उत्तर शोधणारा एआय) बसवायचा म्हटलं की व्हेक्टर डेटाबेसचं, म्हणजे शब्दांऐवजी अर्थाच्या जवळिकीवरून शोधणाऱ्या डेटाबेसचं, कोटेशन आधी येतं. माझ्या मते तो पहिला खर्च नसावाच. एजंटला तीन टूल्स पुरतात: यादी काढणं, मजकुरात रेगेक्सने (अक्षरांच्या नेमक्या नमुन्याने) शोधणं आणि फाइलचा हवा तेवढाच भाग वाचणं.

मुख्य कारण आकडे. ‘क्लोरमेक्वाट ०.०१ च्या वर कुठे आलंय?’ असं विचारलं, तर एम्बेडिंगच्या (व्हेक्टर डेटाबेस मजकुराचा अर्थ ज्या आकड्यांत साठवतो त्यांच्या) नजरेत ०.०१ आणि ०.१ चे उतारे जवळपास सारखेच. ज्या रसायनाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात ०.०१ मिग्रॅ प्रति किलो लागू होते. दहापट चुकीला तिथे माफी नाही. २०१० मध्ये याच क्लोरमेक्वाटवरून, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या सीसीसीवरून, आपला माल युरोपात अडकला होता, नाशिककरांना ते वेगळं सांगायला नको. रेगेक्स नेमकी ओळ समोर ठेवतो, माणसाला ती तपासता येते.

कॉलेज रोड:
सातपूरकर, एस-थ्री म्हणजे ऑफिसातली हार्ड डिस्क नव्हे. साध्या बकेटमध्ये (एस-थ्रीवरच्या फायलींच्या कप्प्यात) मजकूर शोधण्याची सोयच नाही. यादीचा एक कॉल जास्तीत जास्त १००० नावं देतो आणि पुढच्या पानाचा टोकन आधीच्या उत्तरात येतो. दोन लाख फायली असतील तर नुसत्या यादीला एकामागून एक २०० कॉल. मग प्रत्येक फाइल उघडा. एजंट तर एकाच प्रश्नाला चार-पाच वेळा शब्द बदलून बघतो, म्हणजे दरवेळी पहिल्यापासून सुरुवात. एस-थ्री सिलेक्टचा (फाइलमधला हवा तो भागच निवडून देणाऱ्या सोयीचा) आधार घ्याल, तर ते २०२४ पासून नव्या ग्राहकांना बंद आहे, आणि पीडीएफ त्याला वाचताच येत नव्हती.

शिवाय पीडीएफमधला मजकूर बहुतेक वेळा कॉम्प्रेस केलेला असतो. कच्च्या बाइट्सवर रेगेक्स चालवला की निकाल शून्य, आणि एजंट ठामपणे सांगतो, ‘असं रसायन कुठेच नाही.’ त्यात लॅब लिहिते क्लोरमेक्वाट क्लोराइड, फवारणीच्या वहीत असतं सीसीसी नाहीतर लिहोसिन. अर्थावर चालणारा शोध इथेच उपयोगी पडतो.

सातपूरकर:
ही तिन्ही नावं एजंटला माहीत असतात, तो एकाच पॅटर्नमध्ये तिन्ही घालतो. संपूर्ण बकेट चाळायची वेळ येते ती फायलींची नावं कशीही ठेवल्यामुळे. हंगाम/पॅकहाउस/ग्रेपनेटचा (निर्यात द्राक्षांच्या नोंदणी प्रणालीचा) प्लॉट नोंदणी क्रमांक असा प्रीफिक्स (फाइलच्या नावाची सुरुवात) ठेवा, एका प्लॉटच्या थोड्याच फायली समोर येतील. पीडीएफ अपलोड होताच इव्हेंटवरून (स्टोरेजकडून आपोआप येणाऱ्या सूचनेवरून) मजकूर काढून पान क्रमांकासह शेजारी टेक्स्ट फाइल ठेवा. तिच्या मेटाडेटात (फाइलसोबतच्या माहितीत) मूळ फाइलचा ईटॅग (फाइल बदलली की बदलणारी खूण) नोंदवा. रिपोर्ट बदलला की ईटॅग जुळत नाही, शिळा मजकूर लगेच ओळखू येतो.

विनंत्यांचा खर्च किरकोळ आहे, खरा प्रश्न वेळेचा. म्हणून शोधणारं यंत्र बकेटच्याच रीजनमध्ये (क्लाउडच्या त्याच ठिकाणच्या डेटा सेंटरमध्ये) ठेवा. बकेट मुंबईला आणि शोध अंबडच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर, असं केलं तर प्रत्येक फाइल इंटरनेटवरून ओढली जाते.

पिंपळगावकर:
दोघांनीही मराठी मजकुराचा विचार केलेला नाही. जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटांमध्ये असतील, तर आत देवनागरी नसतेच, वेगळ्याच अक्षरांचे कोड असतात. ‘फवारणी’ शोधून काय मिळणार? आधी युनिकोडमध्ये रूपांतर, स्कॅन असेल तर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणं). टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामला मराठी येतं, पण तक्त्यातला दशांश बिंदू गळू शकतो, म्हणून अवशेषांचे आकडे मूळ पानावर बघायलाच हवेत.

नंतर विभक्ती. ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्यात’ हाती लागत नाही. ‘फवारणी’ टाकलं की ‘फवारण्या’ सुटतं, ‘फवारण’ टाकलं की दोन्ही मिळतात. सातबारा कुठे अक्षरी, कुठे देवनागरी आकड्यांत, कुठे इंग्रजी आकड्यांत. आकडे एकाच लिपीत आणणं आणि न दिसणारे जोडणीचे कोड काढणं, हे शोधायचा शब्द आणि फाइलमधला मजकूर दोन्हींवर करा. भाग वाचतानाही जपा: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, मध्येच तोडलं की कडेचं अक्षर बिघडतं.

कॉलेज रोड:
इतकी मशागत करणारच असाल, तर त्याच मजकुरावर ट्रायग्रॅम इंडेक्स करा. तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवरून शक्यता असलेल्या फायली निवडायच्या आणि रेगेक्स तेवढ्यांवरच चालवायचा. हंगामभरातल्या सगळ्या प्लॉटांवरचा प्रश्न आला की तुमचा प्रीफिक्स कामाचा नाही. आणि ‘कोणत्या बागेत डाऊनीचा (केवडा रोगाचा) त्रास जास्त दिसतो?’ असल्या प्रश्नाला मी तरीही व्हेक्टरच वापरेन.

सातपूरकर:
ट्रायग्रॅम मान्य, त्यात आकडा जशाचा तसा राहतो. डाऊनीच्या प्रश्नालाही व्हेक्टरने फक्त फायली सुचवाव्यात, उत्तर मूळ ओळीवरूनच यावं. पण तुमच्या ‘कुठेच नाही’ला खरा उपाय टूलच्या उत्तरात आहे. त्यात तीन गोष्टी सक्तीच्या हव्यात: किती फायली तपासल्या, किती वाचताच आल्या नाहीत, आणि एकूण किती जुळण्या असताना किती दाखवल्या. जुळण्या ५० वर कापल्या आणि ते सांगितलं नाही, तर एजंट त्या ५० लाच सगळं समजतो. वाचता न आलेल्या फायलींची नावंही द्या, म्हणजे पॅकहाउसचा माणूस तेवढे रिपोर्ट हाताने उघडून बघेल.