रिमोटच्या गाडीतून सुटणाऱ्या बुलेट: बंदी घालायची की जागा ठरवून द्यायची?

सचिव (अ-102): सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी संध्याकाळी बी विंगच्या पार्किंगमध्ये मुलांच्या रिमोटच्या गाडीतून सुटलेली फोमची बुलेट अ-501 मधील आजींच्या चष्म्याच्या काडीला लागली. आजींना इजा झालेली नाही. आवारात अशा गाड्यांवर पूर्ण बंदी घालावी, अशी तीन सभासदांची लेखी मागणी कार्यालयात आलेली आहे. शनिवारच्या कमिटीच्या बैठकीपूर्वी सर्वांनी आपले मत इथे कळवावे आणि तोवर या ग्रुपवर दुसरे विषय काढू नयेत, ही विनंती.

ब-304: नमस्कार. ती गाडी माझ्या मुलाची आहे. आम्ही दोघे रविवारीच आजींना भेटून त्यांची माफी मागून आलो, आणि इथेही सर्वांसमोर पुन्हा मागतो. सोमवारपासून गाडी कपाटात ठेवली आहे. मात्र ती कायमची तिथेच ठेवण्यापूर्वी नेमके काय घडते ते पाहावे, असे मला वाटले. माझी नोकरी कारखान्यातल्या गुणवत्ता तपासणी विभागातली असल्यामुळे मोजल्याशिवाय मत द्यायला मन धजत नाही.

शेजारच्या सराफांच्या काट्यावर दहा बुलेट ठेवल्या, तर त्यांचे वजन दहा ग्रॅम भरले. म्हणजे एक बुलेट एका ग्रॅमची. लांबी 72 मिलिमीटर आणि जाडी जेमतेम 13 मिलिमीटर. मोबाईलवर सेकंदाला 240 चित्रांच्या वेगाने चित्रण केले, तेव्हा एक मीटर अंतर कापायला बुलेटला साधारण 16 चित्रे लागली. हिशेब केला तर हा वेग सेकंदाला 15 मीटर, म्हणजे ताशी 54 किलोमीटर येतो. गाडीच्या आत एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन छोट्या चाकांच्या फटीतून बुलेट ओढली जाऊन बाहेर फेकली जाते, त्यामुळे बॅटरी पूर्ण चार्ज असताना वेग जास्त आणि उतरत आली की कमी, असा फरकही दिसला.

त्यानंतर बुलेटच्या रबरी टोकाला खडूची पूड लावून पार्किंगच्या भिंतीवर तीन मीटरवरून दहा वेळा मारून पाहिले. पांढरे ठिपके बहुतेक जमिनीपासून 75 ते 90 सेंटिमीटरच्या पट्ट्यात उमटले. नळी जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि किंचित वर रोखलेली असल्यामुळे असे होते. भिंतीजवळ उभा राहून मी ते ठिपके पाहिले, तर ते माझ्या मांडीच्या उंचीवर होते. पण आपल्या आवारातील दोन-तीन वर्षांच्या मुलांचे डोळे याच उंचीवर येतात. ते लक्षात आल्यावर माझ्या पोटात गोळा आला, हे मी प्रामाणिकपणे लिहितो.

हातात धरायच्या बंदुकीत आणि या गाडीत हाच मोठा फरक आहे. बंदूक हातात असली की मुलाला समोरचा माणूस दिसतो आणि समोरच्याला ते मूल दिसते. इथे माझा मुलगा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला होता, गाडी खांबाआड होती आणि आजी खांबाच्या पलीकडून येत होत्या. त्याने आजींवर नेम धरला नव्हता, कारण त्याला त्या दिसतच नव्हत्या. फोमच्या बुलेटची खेळणी बनवणाऱ्या नर्फ या ब्रँडच्या टेरास्काउट या 2016 सालच्या गाडीला कॅमेरा होता आणि गाडीसमोरचे दृश्य रिमोटवरच्या पडद्यावर दिसत असे. आपल्या मुलांकडच्या स्वस्त गाड्यांमध्ये तशी सोय नाही.

यावर पूर्ण बंदी हा उपाय मला पटत नाही. बंदी घातली तर मुले गच्चीच्या जिन्यात आणि लिफ्टसमोरच्या बोळात खेळतील, आणि तिथे कोणा मोठ्या माणसाचे लक्ष नसेल. क्लब हाऊसचा हॉल रविवारी संध्याकाळी रिकामा असतो. तिथे दार लावून, प्रत्येक मुलाला डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालून आणि एका पालकाला बसवून हा खेळ व्हावा, असे मी सुचवतो. पहिले दोन महिने मी स्वतः बसेन.

अ-501: सचिव साहेब, मी स्वतः लिहीत आहे. माझ्या नावाने बंदीची मागणी झाली असली, तरी ती मी केलेली नाही. बुलेट लागली तेव्हा मी दचकले, एवढेच. पण त्यानंतर जे पाहिले ते कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. सुटलेली बुलेट एका उभ्या मोटारीखाली गेली आणि सात-आठ वर्षांचा एक मुलगा जमिनीवर पालथा पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून ती काढू लागला. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. त्या मोटारीचे मालक त्याच वेळी लिफ्टमधून उतरले होते. मी हाक मारून त्यांना थांबवले. माझ्या चष्म्यापेक्षा त्या मुलाची काळजी करा. हॉलमध्ये खेळायचे असेल तर माझी काही हरकत नाही. पार्किंगमध्ये मात्र कुठलाच खेळ नको, मग गाडी असो की चेंडू.

क-201: नमस्कार. मी नेत्रतज्ज्ञ असल्यामुळे ब-304 यांच्या मोजमापात थोडी भर घालतो. टेनिसचा चेंडू साधारण साडेसहा सेंटिमीटर व्यासाचा असतो. तो चेहऱ्यावर आला तर भुवईचे आणि गालाचे हाड त्याचा बराचसा मार स्वतःवर घेते. 13 मिलिमीटरची बुलेट मात्र डोळ्याच्या खोबणीत सहज शिरते आणि थेट बुबुळावर आपटते. त्यामुळे ती फोमची आहे, हलकी आहे, गालावर लागली तर नुसती टिचकी मारल्यासारखे वाटते, हे सगळे खरे असले तरी डोळ्याच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही. लंडनच्या मूरफील्ड्स या नेत्र रुग्णालयातील डॉक्टरांनी 2017 मध्ये अशा खेळण्यांमुळे दुखापत झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत अकरा वर्षांचा एक मुलगा होता आणि तिघांच्याही डोळ्याच्या पुढच्या भागात, पारदर्शक पडद्यामागच्या पोकळीत रक्तस्राव झालेला होता.

कोणाला असे लागलेच, तर डोळा चोळू नये, दाबू नये, आणि दुखणे थांबले तरी त्याच दिवशी तपासून घ्यावा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन देऊ नये. पहिल्या पाच-सहा दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याची शक्यता असते आणि काही जणांना पुढे काचबिंदू होऊ शकतो. म्हणून मूल दुसऱ्या दिवशी हसतखेळत आहे यावरून निश्चिंत राहू नये. हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडिंगच्या कामासाठी पॉलीकार्बोनेटचे पारदर्शक चष्मे मिळतात. मुलाच्या चेहऱ्यावर घट्ट बसेल असा बघून घ्यावा, कारण बाजूला फट राहिली तर त्याचा उपयोग नाही. नंबरचा साधा चष्मा त्याऐवजी चालणार नाही.

ब-703: माझा हॉलला विरोध नाही, गच्चीला मात्र ठाम विरोध आहे. मे महिन्यात मी प्लंबरला घेऊन पावसाळी पाइपांच्या जाळ्या साफ केल्या, तेव्हा एकाच जाळीखालून सात बुलेट निघाल्या. त्या भिजून फुगल्यासारख्या झाल्या होत्या आणि त्यांच्याभोवती पाने अडकून घट्ट बोळा तयार झाला होता. तसेच राहिले असते, तर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुंबून सातव्या मजल्याच्या छतातून झिरपले असते. त्या सातपैकी तीन बुलेट अर्ध्या कापलेल्या होत्या. मुले त्या का कापतात, हे मला समजले नाही.

ब-304: काका, बुलेट कापली की हलकी होते आणि वेगाने जाते, म्हणून मुले कापतात. मुलाला विचारल्यावर त्यानेही हेच सांगितले. हा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता आणि तो फार महत्त्वाचा आहे. खेळण्यातून सुटणारी वस्तू मुलाच्या घशात अडकू नये म्हणून ती 31.7 मिलिमीटर व्यासाच्या एका ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावते का, हे तपासले जाते; मावली तर ती धोक्याची. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी जवळपास तेवढीच असते. आमच्या घरी अशी एक डबी निघाली. अख्खी बुलेट तिच्यात घातली तर दोन सेंटिमीटर वर डोकावते. अर्धी बुलेट तळाला जाऊन झाकण लागते. 2010 मध्ये अमेरिकेत मऊ प्लॅस्टिकच्या बुलेट असलेले सुमारे 18 लाख खेळसंच परत मागवण्यात आले होते, कारण तोंडात धरलेली बुलेट घशात अडकून मुले दगावली होती. आपल्याकडे रांगणारी बाळे आहेत, म्हणून कापलेल्या सगळ्या बुलेट आजच गोळा करून टाकून द्याव्यात, असे मी सर्व पालकांना कळकळीने सांगतो.

खरेदी करतानाही पाहावे. आपल्या देशात 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. माझ्या गाडीच्या खोक्यावर ते आहे; वेगळ्या मागवलेल्या शंभर बुलेटच्या पिशवीवर कुठलेच चिन्ह नाही, आणि तिच्यातल्या बुलेटचे टोक हाताला स्पष्टपणे कडक लागते. ती पिशवी मी बाद केली आहे.

क-604: माझ्या मुलीकडेही अशीच गाडी आहे. हॉलच्या वेळेत मी एक रविवार सांभाळेन. खेळ सुरू करताना आणि संपताना बुलेट मोजून घ्याव्यात, म्हणजे एखादी कमी भरली तर तिथेच शोधता येईल. चार्जिंग मात्र घरीच आणि कोणी जागे असतानाच व्हावे, हॉलच्या प्लगवर नको.

सचिव (अ-102): सर्वांचे आभार. शनिवारच्या बैठकीत पुढील प्रस्ताव मांडतो: पार्किंग, लिफ्ट, जिने आणि गच्ची येथे या गाड्यांना मनाई राहील, रविवारी 5 ते 6 या वेळेत हॉल उपलब्ध असेल, पालक आणि चष्मे यांच्याशिवाय सुरक्षारक्षक किल्ली देणार नाहीत, पाच वर्षांखालील मुलांना त्या वेळेत हॉलमध्ये आणू नये. ज्या तीन सभासदांनी बंदीची मागणी केली आहे, त्यांनी बैठकीला अवश्य यावे. कापलेल्या बुलेटसाठी गेटजवळ आजपासून एक डबा ठेवला आहे.

अ-501: डब्यावर मुलांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहा. माझ्याकडे दोन अर्ध्या बुलेट आहेत, कुंडीत सापडल्या. संध्याकाळी खाली येताना घेऊन येते.